धक्का थांबला, आता पुढे काय? कोल्हापूरकरांसाठी भूकंपानंतरचे पहिले तीन दिवस

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना पोचलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आपल्याला सामान कधी हलवायचं, जनावरं कुठे न्यायची, कोणाला फोन करायचा हे चांगलंच शिकवलं. पण भूकंपात यातल्या निम्म्या सवयी कामाच्या आणि निम्म्या जिवावर बेतणाऱ्या आहेत. पुरात आपण वरच्या मजल्यावर जातो, धान्य माळ्यावर चढवतो, राहिलेलं आणायला दोन-तीनदा घरात शिरतो. भूकंपानंतर वर जायचं नाही, माळ्याखाली थांबायचं नाही आणि एकदा बाहेर पडल्यावर घर नीट तपासल्याशिवाय कशासाठीही परत आत शिरायचं नाही. शिवाय पूर फुटाफुटाने चढतो आणि त्याची बातमी आधी येते. भूकंपाची येत नाही.

वर्षानुवर्षं वापरात असलेल्या भूकंपप्रवण नकाशात कोल्हापूर झोन ३ मध्ये आणि कोयनेचा परिसर झोन ४ मध्ये धरला गेला आहे; झोनचा आकडा जितका मोठा तितका धोका जास्त. कोयनानगर आपल्यापासून सरळ रेषेत जेमतेम ९०-९५ किलोमीटर, चांदोलीचा वारणा जलाशय त्याहून जवळ. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पहाटे चार-साडेचारला झाला आणि पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंपही पहाटे चारच्या सुमाराचाच. म्हणून खाली जे सांगतो आहोत ते अंधारात, अर्धवट झोपेत आणि लाईट नसताना करायचं आहे असंच धरून वाचा.

पहिली पाच मिनिटं

हादरे चालू असताना पळू नका. आरसीसी इमारतीत भक्कम टेबलाखाली किंवा पलंगाच्या कडेला खाली बसून डोकं-मान झाका. जिन्याकडे आणि गॅलरीकडे धावू नका. दगड-मातीच्या घरात तळमजल्यावर असाल आणि दार तीन-चार पावलांवर असेल तरच बाहेर पडा. हलणं पूर्ण थांबलं की पुढच्या क्रमाने चला.

आधी पायात चप्पल. काचेने पाय कापणं ही भूकंपातली सगळ्यात साधी आणि हमखास टाळता येणारी जखम आहे, आणि तळवा फाटलेला माणूस ना स्वतः चालू शकतो ना दुसऱ्याला उचलू शकतो. रोज झोपताना चप्पल आणि टॉर्च एका पिशवीत घालून पलंगाच्या पायाला बांधून ठेवा. नुसती ठेवली तर हादऱ्यात सरकून जाते. काडी पेटवू नका, मेणबत्ती नको, देवापुढचा दिवा चालू असेल तर विझवा.

मग गॅस. स्वयंपाकघरात जाण्याआधी दारातच थांबून वास घ्या. वास नसेल तर रेग्युलेटरचा नॉब बंद करा, काळी रिंग वर ओढून रेग्युलेटर उचला आणि सिलिंडरला दोरीने लटकलेली टोपी टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवा. बऱ्याच घरांत ही टोपी कापून टाकलेली असते. आजच बघा. पाइपगॅस असेल तर मीटरजवळचा दांडा पाइपाला आडवा करा. आडवा म्हणजे बंद.

वास येत असेल तर बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्ही वेळेला पडते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, मोरीत आणि तळघरात उतरतो. नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार सताड उघडावं लागतं. एक्झॉस्ट फॅन लावायचा मोह आवरा. सगळ्यांना बाहेर काढा आणि घरापासून लांब गेल्यावर १९०६ या गॅसगळतीच्या नंबरवर फोन करा. फोनसुद्धा आत असताना वापरायचा नाही.

तिसरं काम विजेचं. गॅसचा वास नसेल तरच मेन स्विच पाडा. इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा बंद करावा लागतो, कारण मेन पाडला तरी त्याची वीज घरात फिरत राहते, हे पुष्कळांना माहीत नसतं. छतावर सौर पॅनेल असतील तर त्यांचाही खटका पाडा. जमीन ओली असेल किंवा तारा लोंबत असतील तर हात लावू नका. बाहेर या आणि १९१२ ला कळवा.

एवढं झालं की बाहेर. लिफ्ट नाही. जिना उतरताना भिंतीच्या कडेने, एकेक जण, आधी पायरीवर उजेड टाकून. जिना आणि मजल्याच्या सांध्यात फट दिसली तर एकदम सगळे उतरू नका.

बाहेर म्हणजे नक्की कुठे

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेसारख्या जुन्या भागात दारातून बाहेर पडणं म्हणजे सुरक्षित होणं नव्हे. बोळ सहा-आठ फुटांचा, दोन्ही बाजूंना जुनी घरं, वर सज्जे, कौलं, कठडे आणि टाक्या. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन, आणि ते बहुतेक ठिकाणी नुसत्या विटांच्या ठोकळ्यांवर ठेवलेलं असतं. दुसऱ्या धक्क्यात आधी खाली येतात ते कठडे आणि टाक्या. म्हणून बोळात गप्पा मारत उभे राहू नका, बोळ ओलांडून मोकळ्यावर जा. शेजारच्या इमारतीची जितकी उंची, किमान तितकं अंतर राखा.

आपल्या घरापासून चालत पाच-दहा मिनिटांवरचं मैदान आत्ताच ठरवून ठेवा. गांधी मैदान, शाळेचं पटांगण, पेठेतलं तालमीचं आवार, जे जवळ असेल ते. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचतं, तेव्हा एक पर्यायही हवा. रंकाळ्याच्या किंवा पंचगंगेच्या घाटाच्या कडेला बसू नका, दगडी बांधकाम ढिलं झालेलं असू शकतं. विजेच्या खांबाखाली, होर्डिंगखाली, कारखान्याच्या किंवा वीटभट्टीच्या धुराड्याच्या टप्प्यात थांबू नका.

खेड्यावर असाल तर गोठ्याकडे बघा. दगडी भिंतीच्या गोठ्यात म्हशी दाव्याला बांधलेल्या असतील तर दुसऱ्या धक्क्यात त्या जागीच दबतात. पण घाबरलेलं जनावर अरुंद गोठ्यात माणसाला भिंतीशी चेपतं. दाराकडच्या जनावरापासून सुरुवात करा आणि दावं सोडताना स्वतः दाराच्या बाजूला राहा. गाठ सुटत नसेल तर विळ्याने कापा. भिंत फुगलेली दिसत असेल तर आत जाऊ नका. म्हैस परत घेता येते.

पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीकडच्या डोंगरउतारावरच्या वाड्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. उतारावर नवी भेग, झाडं किंवा खांब तिरपे होणं, ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं, यातलं काहीही दिसलं तर उताराच्या आडव्या दिशेने लांब सरका. ओढ्याच्या वाटेने खाली उतरू नका. पावसाळ्यात भूकंप झाला तर आंबा, करूळ, फोंडा घाटातला प्रवास टाळाच, सुटलेले दगड पुढचे काही दिवस खाली येत राहतात.

ढिगाऱ्याखाली कोणी असेल तर

आवाज द्या आणि मग सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसा. ही शांतता पाळली जात नाही म्हणून आतली टकटक ऐकू येत नाही. ११२ ला फोन लागला की एका दमात सांगा: जागा आणि ओळखीची खूण, घर कसलं आहे (दगड-माती, विटा की स्लॅब), आत अंदाजे किती जण, आवाज येतो का, गॅस किंवा आग आहे का.

कौलं, वासे, सुटे दगड हाताने काढता येतात. वरून खाली, माणसाच्या डोक्याकडची बाजू आधी. नाका-तोंडातली माती काढणं हे सगळ्यात तातडीचं. ढिगाऱ्यावर दहा जणांनी चढायचं नाही, वजनाने आतली पोकळी बसते. बाजूला साखळी करून घमेली पुढे द्या. स्लॅबला जेसीबी घालायची घाई करू नका.

एक धोका मुद्दाम सांगायला हवा. मांडी किंवा पाय जड वजनाखाली बराच वेळ दबलेला असेल तर वजन एकदम उचलल्यावर चेपलेल्या स्नायूंतले पोटॅशियमसारखे घटक रक्तात जातात, आणि बोलत असलेला माणूस हृदय थांबून जाऊ शकतो. दबून पंधरा मिनिटांच्या आत असेल तर लगेच सोडवा. त्याहून जास्त वेळ झाला असेल आणि आग, पाणी, कोसळण्याचा धोका नसेल तर १०८ च्या डॉक्टरांची वाट बघा, आणि अंग किती वाजल्यापासून दबलं आहे हे त्यांना सांगा. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून दहा मिनिटं हलवू नका, सारखं उचलून बघू नका. मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्याला बसवू नका.

स्वतः अडकलात तर ओरडून दम घालवू नका, धूळ छातीत जाते. तोंडावर कापड धरा आणि पाइपावर किंवा भिंतीवर तीन-तीन ठोके द्या. जवळ शिट्टी असेल तर उत्तम.

खरी बातमी कशी ओळखायची

धक्क्यानंतर तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर तीन प्रकारचे मेसेज हमखास फिरतात: आज रात्री अमुक वाजता मोठा भूकंप आहे, धरण फुटलं, आणि अमुक गावात शेकडो गेले. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तारीख-वेळ सांगून भूकंपाचं भाकीत करण्याची पद्धत जगात कोणाकडेच नाही. ज्या मेसेजमध्ये घड्याळाची वेळ आहे तो खोटा, मग त्यावर कोणत्याही संस्थेचं नाव असो.

खरी नोंद राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राची. त्यांचं संकेतस्थळ आणि ‘भूकंप’ नावाचं अ‍ॅप आहे. तिथे दिनांक, वेळ, तीव्रता, अक्षांश-रेखांश आणि खोली येते. पहिला आकडा घाईचा असतो, नंतर तो थोडा बदलतो, आणि परदेशी संस्थांचा आकडा वेगळा असू शकतो. त्यात लपवाछपवी काही नसते, मोजणीच्या पद्धती वेगळ्या असतात. तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ४ आणि ६ मध्ये हजारपटीचा फरक आहे.

केंद्रबिंदू आपल्यापासून किती लांब हे तुम्हीच काढू शकता. कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर, ७४.२ पूर्व. एक अंश अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर, आपल्याकडे एक अंश रेखांश म्हणजे साधारण १०६. समजा नोंद १७.२ उत्तर, ७३.८ पूर्व अशी आली. अर्धा अंश उत्तरेला म्हणजे ५५ किलोमीटर, ०.४ अंश पश्चिमेला म्हणजे ४२. सरळ अंतर सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे वारणेच्या बाजूला. कोयना-वारणेचे धक्के उथळ असतात, म्हणून मध्यम तीव्रतेचा धक्काही जवळच्या गावांना जोरात बसतो. तिकडे शित्तूर-आरळ्याकडे पाहुणे असतील तर आधी त्यांची खबर घ्या.

धरणाच्या अफवेने माणसं सैरावैरा पळतात, म्हणून कोणाचं पाणी कुठे जातं हे पक्कं माहीत हवं. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेला मिळतं आणि सांगलीकडून शिरोळ तालुक्यात येतं. वारणाही सांगलीजवळ कृष्णेलाच मिळते. कोल्हापूर शहर पंचगंगेवर आहे, आणि तिच्यात येतं ते राधानगरी, तुळशी, कुंभी, कासारीचं पाणी. काळम्मावाडीचं पाणी दूधगंगेने कागलच्या बाजूला जातं. तेव्हा ‘कोयना फुटली’ ऐकून कसबा बावड्यातून पळण्यात अर्थ नाही, शिरोळकरांनी मात्र अधिकृत सूचनेकडे कान ठेवायचा. १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाला भेगा गेल्या, पण धरण उभं राहिलं आणि नंतर ते मजबूत करण्यात आलं. शंका असेल तर जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर विचारा.

मोबाईलवर मोठा भोंगा वाजून येणारा सरकारी इशारा आणि ‘सचेत’ अ‍ॅपवरची सूचना मानायची. नेटवर्क गेलं तर आकाशवाणी. सेलवर चालणारा छोटा रेडिओ घरात असूच द्या, गाडीतला रेडिओही चालतो, फक्त गाडी मोकळ्यावर उभी असू द्या.

फोन करून लाईन अडवू नका. कॉल लागत नसताना साधा एसएमएस जातो. जिल्ह्याबाहेरचा एक नातेवाईक ठरवा, पुण्याची मावशी म्हणा. सगळ्यांनी तिलाच कळवायचं आणि तिच्याकडूनच इतरांची खबर घ्यायची. मेसेज असा: ‘चौघेही ठीक, शाळेच्या मैदानात आहोत. आईच्या हाताला लागलंय, गंभीर नाही. पुढचा मेसेज सहा वाजता.’ मग फोन फ्लाइट मोडवर टाका आणि सहालाच उघडा. फोन अशा रीतीने पुष्कळ लांब पुरतो.

मागचे धक्के

मोठ्या भूकंपानंतर आफ्टरशॉक येणारच. त्यांची संख्या झपाट्याने उतरते. पहिल्या दिवशी जितके, दहाव्या दिवशी साधारण त्याच्या दहावा हिस्सा. त्यातला सर्वांत मोठा बहुधा मुख्य धक्क्यापेक्षा एखाद्या अंकाने कमी असतो. पण संख्या कमी झाली म्हणजे जोर कमी झाला असं नाही, आठव्या दिवशीही दणका बसू शकतो. आणि कधीकधी मोठा म्हणून धरलेला धक्का मोठा नसतोच. कोयनेत १३ सप्टेंबर १९६७ ला मध्यम भूकंप झाला होता, खरा विध्वंस तीन महिन्यांनी आला. तेव्हा ‘होऊन गेलं’ म्हणून तडकलेल्या घरात झोपायला जाऊ नका.

घरात परत जायचं की नाही

हा निर्णय उजेडात आणि आधी बाहेरून घ्यायचा. घराभोवती लांबून एक फेरी मारा. इमारत एका बाजूला कलली असेल, एखादा मजला बसला असेल, भिंतीचा कोपरा उघडला असेल तर तपासणी तिथेच संपली. आत जायचं नाही.

दगड-मातीच्या भिंतीत पोट सुटलंय का ते बघा. अशा भिंतीला आत-बाहेर दगडांचे दोन थर असतात आणि मधे माती-चिपांचा भरणा. दोन्ही थरांना शिवणारे लांब दगड नसले की हादऱ्याने थर वेगळे होतात आणि भिंत फुगते. किल्लारीत अशाच जाड भिंती आणि वरची मातीची जड माळवदं लोकांच्या अंगावर आली. फुगलेली भिंत टेकू देऊन वाचत नाही, ती पाडावीच लागते.

आरसीसीत भिंतीपेक्षा कॉलम बघा. वीटकाम आणि बीमच्या सांध्यावरची बारीक, सरळ भेग बहुधा गिलाव्याची असते. कॉलमवर फुलीसारखे तिरपे तडे, काँक्रीट सुटून उघडी पडलेली सळई, किंवा कॉलम-बीमच्या सांध्यावर भुगा झालेला दिसला तर इमारत रिकामी ठेवा. राजारामपुरी, शाहूपुरीत आता खाली पार्किंग आणि वर फ्लॅट अशा इमारती पुष्कळ आहेत. खाली भिंती नसल्याने सगळा ताण पार्किंगच्या कॉलमवर येतो. सोसायटीने आधी तिथे टॉर्च घेऊन प्रत्येक कॉलम चारही बाजूंनी बघावा, फ्लॅटमधल्या भेगा नंतर.

शंका असलेल्या पण उभ्या भिंतीला गवंड्याचा ओळंबा लावा. वरच्या बाजूला भिंतीपासून थोडं अंतर ठेवून दोरी सोडा, डोलणं थांबू द्या, वरचं आणि खालचं अंतर मोजा. दहा फुटांत एक इंचाहून जास्त फरक आला तर इंजिनिअरने बघेपर्यंत तिथे राहू नका. जुन्या दगडी भिंतींना मुळातच थोडा ढाळ असतो, त्यामुळे त्याच घराची न तडकलेली भिंतही मोजा आणि तुलना करा. माप लिहून ठेवा, पुढच्या धक्क्यानंतर पुन्हा मोजा.

भेग वाढते आहे का हे कळायला तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख-वेळ लिहा. मधोमध काचेची पातळ पट्टी दोन्ही काठांना प्लास्टरने आडवी चिकटवा. भिंत हलली की काच तडकते. पाच मिलिमीटरहून रुंद आणि आरपार भेग असेल तर बाकी काही न बघता ती खोली बंद करा. काल सहज लागणारं दार आज चौकटीत अडकत असेल तर चौकट वाकली आहे. रंधा मारून दार सारखं करू नका, ती खूण आहे.

पाणी

नळाला पाणी आलं तरी पहिले काही दिवस ते गाळून, उकळून घ्या. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) असेल तर बाटलीवरचं प्रमाण घेऊन अर्धा तास थांबा. जमिनीतल्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्या एकाच वेळी फुटतात आणि दाब कमी झाला की घाण आत ओढली जाते. म्हणून धक्क्यानंतर टाकीकडे जाणारा कॉक आधी बंद करा, टाकीतलं आधीचं पाणी शुद्ध राहतं. बंद केलेल्या गिझरमध्येही दहा-पंधरा लिटर चांगलं पाणी असतं, थंड झाल्यावर खालच्या नळीतून काढा. पिण्या-रांधण्याला माणशी रोज चार लिटर धरून तीन दिवसांचं, म्हणजे चौघांना सुमारे पन्नास लिटर साठवा. विहिरीची पातळी बदलणं, बोअरला गढूळ पाणी येणं हे भूकंपानंतर होतंच. त्याने घाबरू नका, पण निवळल्याशिवाय ते पिऊही नका.

पंचनामा

ढिगारा हलवण्याआधी फोटो काढा. आधी समोरून पूर्ण घर, शेजारचं घर किंवा ओळखीची खूण दिसेल असं, मग प्रत्येक खोली, मग भेगा शेजारी पट्टी धरून. जनावर दगावलं असेल तर कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासह. गावात तलाठी आणि ग्रामसेवक, शहरात महापालिकेचे कर्मचारी पंचनाम्याला येतील. त्यांनी लिहिलेलं वाचून मगच सही करा, आणि ‘अंशतः’ की ‘पूर्ण’ नुकसान लिहिलं आहे ते नीट बघा, मदतीचा आकडा त्यावरच ठरतो. आधार, रेशनकार्ड, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि पासबुकाचे फोटो मावशीच्या फोनवरही असू द्या. घराचा विमा असेल तर भूकंप त्यात धरला आहे का हे पॉलिसीत पाहून लगेच कळवा.

इंजिनिअरने बघून लेखी दिल्याशिवाय भेगा सिमेंटने बुजवू नका आणि रंगही देऊ नका. बुजलेली भेग पंचनाम्यात दिसत नाही, आणि पुढच्या धक्क्यात ती वाढली की नाही हेही कळत नाही.